लेकराशी बोला



आज आम्ही लहान मुलांच्या बोलण्याविषयी सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, "त्यात काय सांगायचं? वेळ आली की पोर आपोआप बोलतं." आम्हीही असेच म्हणत होतो. म्हणून तर आज सांगायला उभे राहिलो.

मूल आपोआप बोलत नाही. ते ऐकून ऐकून बोलते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पोटात असतानाच, शेवटच्या तीन महिन्यांत, त्याला आईचा आवाज ऐकू येतो. दोन-तीन महिन्यांचे झाले की ते हुंकार देते. सात-आठ महिन्यांचे झाले की 'बाबाबा', 'दादादा' करते. त्याला अजून अर्थ नसतो. बापाला मात्र वाटते, मलाच हाक मारली! वाटू द्या. त्याने ओ द्यावी. आपण आवाज केला की कोणीतरी उत्तर देते, हे लेकरू तेव्हाच शिकते. वर्षाच्या सुमारास पहिला शब्द येतो. दोन वर्षांचे झाले की ते दोन शब्द जोडते, "आई ये", "दुदू दे".

बोलण्यासाठी वेगळा वेळ काढायला नको. भाकरी थापताना म्हणा, "बघ, ही भाकरी. गरम आहे, हं!" न्हाऊ घालताना हात, पाय, नाक, कान यांची नावे घ्या. पोर "भू" म्हणाले तर म्हणा, "हो, भुभू आला. काळा भुभू." त्याच्या शब्दाला आपला एखादा शब्द जोडायचा. काही विचारले तर थोडे थांबा, त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो. चुकले तर हसू नका. आणि पुस्तकातलीच भाषा हवी असे नाही. घरी अहिराणी असेल तर अहिराणी बोला, वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडी.

हल्ली पोर रडले की हातात मोबाईल देतात. मोबाईल बोलतो खरा, पण पोराचे ऐकून घेत नाही. दोन वर्षांच्या आत तो नकोच, असे डॉक्टर सांगतात.

आता आमच्या घरची गोष्ट. आमच्या धाकट्या भावाचा मुलगा फार शांत. ताट पडले तरी झोपेतून उठत नसे. आम्ही कौतुक करायचो, "किती शहाणं बाळ!" दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. आजी म्हणाली, "याचा बापही उशिराच बोलला." आम्ही माना डोलावल्या.

तो अडीच वर्षांचा असताना अंगणवाडीच्या ताईंनी त्याच्या पाठीमागे टाळी वाजवली. त्याने वळून पाहिले नाही. मग तालुक्याला नेले, तिथून जिल्ह्याला. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होते. डॉक्टरांनी विचारले, "इतके दिवस कुठे होता?" आम्ही खाली पाहिले. कानांची तपासणी जन्मानंतर पहिल्या महिन्यातच होऊ शकते, हे आम्हाला तेव्हा कळले.

तुम्ही थांबू नका. सहा महिन्यांचे मूल आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचे झाले तरी बडबडत नसेल, दोन वर्षांचे होऊनही शब्द जोडत नसेल, किंवा बोलणारे मूल गप्प झाले असेल, तर आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी फुकट होते. आणि कान वाहत असेल तर घरी तेल घालू नका, दवाखान्यात न्या.

भावाच्या मुलाला यंत्र बसवले. घरी आल्यावर म्हैस हंबरली, तसा तो दचकून आईला बिलगला. आता तो पाच वर्षांचा आहे. शब्द यायला त्याला वेळ लागतो. आजी रोज समोर बसवून त्याच्याशी बोलते. परवा तो अंगणातून ओरडला, "आजी, म्हस आली!" आजी चुलीपाशी होती. तिने तिथूनच ओ दिली.