बंदरात शिरणारी लहान नौका
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आपल्या भंडारा जिल्ह्यापासून समुद्र शेकडो मैल दूर. तेव्हा हा विषय आम्ही का घेतला, ते प्रथम सांगणे प्राप्त आहे. आपल्यातील एका कुटुंबाचा मुलगा नौदलात भरती झाला. त्याच्या मातोश्रींनी आम्हांस विचारले, "गुरुजी, भर समुद्रात पोराचं कसं होईल हो?" त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. पुढे थोडे वाचन केले, तेव्हा कळले की दर्यावर्दी माणसास भर समुद्राइतकीच, किंबहुना अधिक, चिंता किनाऱ्याची असते.

आपल्या वडीलधाऱ्यांस यात नवल वाटले नसते. वैनगंगेच्या मध्य प्रवाहात डोंगा सरळ चाले. नावाड्याची परीक्षा होई ती घाट जवळ आल्यावर. दगड, उथळ पाणी, दुसरे डोंगे, आणि उतरण्याची घाई झालेले उतारू!

कमांडर दिलीप दोंदे हे शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेल्या 'म्हादेई'तून ते 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघाले आणि मे 2010 मध्ये परतले. वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली व केपटाउन असे चारच मुक्काम. पैकी फ्रीमँटल, लिटलटन आणि केपटाउन ही मोठ्या व्यापारी जहाजांची वर्दळ असलेली बंदरे, आणि 'म्हादेई'ची लांबी अवघी 56 फूट!

मोकळ्या समुद्रात यंत्राच्या जहाजाने शिडाच्या नौकेस वाट द्यावी, असा सामान्य नियम आहे. परंतु बंदराच्या अरुंद मार्गात हा मान उरत नाही. जे मोठे जहाज त्या खोल मार्गाबाहेर जाऊच शकत नाही, त्याला शिडाच्या नौकेने अडथळा करता कामा नये. कारण उघड आहे. तीनशे मीटर लांबीच्या जहाजास मनात येताच थांबता येत नाही. त्यातच नाळेच्या अगदी पुढील पाणी त्याच्या कप्तानास दिसत नाही. नियमानुसारही ही झाकलेली जागा 500 मीटरपर्यंत असू शकते. तेवढ्यात अशा दहा-वीस नौका सहज दडतील.

म्हणून बंदर जवळ येताच लहान नौकेचा नाविक बिनतारी यंत्रावर बंदराच्या अधिकाऱ्यांशी बोलतो, शिडे उतरवून यंत्र सुरू करतो, आणि मार्गाच्या कडेने चालतो. आपल्याकडील बंदरात शिरताना तांबडे बोये डाव्या हातास व हिरवे उजव्या हातास ठेवावयाचे असतात. रात्री शहराच्या असंख्य दिव्यांतून बोयाचा दिवा निवडणे फार कठीण. आणि एकट्या माणसास झोप तर किनारा दिसू लागल्यापासूनच वर्ज्य!

पुढे कागदपत्रांचे सोपस्कार. परदेशातून आलेली खासगी नौका पिवळे निशाण लावून तपासणीची वाट पाहते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे तर उरलेली फळे व भाजीपालाही अधिकारी ताब्यात घेतात. महिनोन्महिने जपलेला कांदा असा गेला, तर जिवास लागणारच.

हा सारा काटेकोरपणा अनाठायी नव्हे. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' व 'खलीजिया' ही दोन मोठी जहाजे एकमेकांवर आदळली. शेकडो मालाचे डबे पाण्यात पडले, तेल सांडले, आणि मुंबई व न्हावाशेवा येथील वाहतूक काही दिवस बंद पडली. दोन्ही जहाजांवर अनुभवी माणसे होती, यंत्रे होती. दोंदे त्याच बंदरात परतले, त्यास तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

हे सर्व आम्ही त्या मातोश्रींस सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग बंदरात शिरताना त्यास कुणी जागं ठेवतं का?" नौदलाच्या जहाजावर पाळीपाळीने पहारे असतात, हे सांगताच त्यांचा चेहरा निवळला. मुलगा सुटीवर येईल तेव्हा याच व्यासपीठावरून त्याने दोन शब्द बोलावे, अशी आमची मंडळास सूचना आहे; आमचे ज्ञान पुस्तकी आहे.