थांबण्याचा हिशेब

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणाच्या मेळाव्यात मोटारींच्या शर्यतीचा विषय निघाला, याचे काहींना नवल वाटेल. पण आपल्या करमाळ्यात कितीतरी घरांची चूल गॅरेज, पंक्चरचे दुकान, ट्रक किंवा उसाचा ट्रॅक्टर यांच्या जिवावर पेटते. टायर ही आपल्या रोजच्या ओळखीची वस्तू आहे. तिच्याच आधाराने मला आज आपल्यापुढे एक हिशेब मांडावयाचा आहे.

आपल्या जीपचा किंवा मोटारीचा टायर नीट वापरला तर हजारो किलोमीटर चालतो. ट्रकचा टायर झिजला की आपण तो रिमोल्ड करून घेतो, एस.टी. महामंडळही तसेच करते. फॉर्म्युला वन शर्यतीतला टायर मात्र दोन-अडीचशे किलोमीटरांत संपतो, आणि मऊ जातीचा असेल तर शंभराच्या आतच. तो निकृष्ट असतो म्हणून असे होत नाही. त्याचे रबर मुद्दाम मऊ ठेवलेले असते. मऊ रबर रस्त्याला घट्ट धरते, त्यामुळे वळणावर गाडी वेगात निघते. पण जे रबर घट्ट धरते तेच लवकर झिजते. शिवाय हा टायर साधारण शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास तापला म्हणजेच नीट काम देतो. थंड असला तर घसरतो, आणि फार तापला तर त्याचा पृष्ठभाग फाटू लागतो. म्हणून दर शर्यतीला मऊ आणि टणक असे वेगवेगळे टायर आणतात. मऊ टायरने वेग मिळतो, टणक टायरने अंतर मिळते. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. कोरड्या रस्त्यावरच्या शर्यतीच्या टायरला नक्षी नसते, हे पाहून कोणी आपला गोटा झालेला टायर चालवू नये. आपल्या रस्त्यावर पाऊस पडतो, आणि ते पाणी बाजूला सारण्याचे काम टायरच्या खाचा करतात. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो बदलावा, असा कायदा आहे. शर्यतीतही पाऊस आला की खाचांचेच टायर चढवितात.

आता मुख्य प्रश्न. झिजलेला टायर बदलण्यासाठी चालकाला रस्त्याच्या बाजूच्या गल्लीत, ज्याला पिट म्हणतात तेथे, यावे लागते. तेथे वीसएक माणसे सज्ज असतात. चारी चाके बदलण्यास त्यांना दोन-तीन सेकंद पुरतात. २०२३ साली कतारच्या शर्यतीत मॅक्लारेन संघाने हे काम १.८ सेकंदांत केले. पण पिटमध्ये वेगाला मर्यादा असते. गाडी आत येऊन पुन्हा बाहेर पडेपर्यंत एकूण वीसएक सेकंद जातात, आणि तेवढ्यात मागचे पाच-दहा जण पुढे निघून जातात. मग थांबावे की न थांबावे?

विद्यार्थी मित्रांनो, येथे वही-पेन्सिल घ्या. सोपे आकडे धरू. शर्यत ६० फेऱ्यांची आहे. एका थांब्याला २० सेकंद जातात. टायर जुना होतो तसतशी गाडी मंदावते: पहिल्या फेरीत एकदशांश सेकंद, दुसऱ्या फेरीत दोन दशांश, तिसऱ्या फेरीत तीन दशांश, असे नुकसान वाढत जाते. ही तुमच्या दहावीच्या बीजगणितातली अंकगणिती श्रेढी झाली.

जो एकदाही थांबत नाही, त्याचे नुकसान १ पासून ६० पर्यंतच्या संख्यांची बेरीज, म्हणजे १८३० दशांश, अर्थात १८३ सेकंद. जो एकदा थांबतो, त्याचे ३०-३० फेऱ्यांचे दोन टप्पे होतात. त्यांचे ९३ सेकंद आणि थांब्याचे २०, एकूण ११३. जो दोनदा थांबतो, त्याचे २०-२० फेऱ्यांचे तीन टप्पे. त्यांचे ६३ आणि थांब्यांचे ४०, एकूण १०३. तीनदा थांबणाऱ्याचे ४८ आणि ६०, एकूण १०८.

म्हणजे कधीच न थांबणारा सर्वांत मागे राहिला, आणि गरजेपेक्षा जास्त थांबणाऱ्यालाही तोटा झाला. नफा झाला तो मोजून थांबणाऱ्याला. खऱ्या शर्यतीत आकडे वेगळे असतात, पण संघाचे लोक बसून जे गणित करतात ते याच जातीचे असते.

याचे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे ही शर्यत झाली. २७ ऑक्टोबर २०१३ रोजी ६० फेऱ्यांची तिसरी शर्यत होती. मऊ व मध्यम, दोन्ही टायर वापरणे नियमाने सक्तीचे होते. टायर कंपनीने बजावले होते की मऊ टायर १५ फेऱ्यांपलीकडे आणि मध्यम टायर ३५ फेऱ्यांपलीकडे नेऊ नका. सेबॅस्टियन वेटेल सर्वांत पुढून सुटला आणि दुसऱ्याच फेरीअखेर पिटमध्ये शिरला. मऊ टायर काढून मध्यम चढविले. तो बाहेर आला तेव्हा सतरावा होता. पाहणाऱ्याला वाटले असेल, याची शर्यत बुडाली. पण पुढे त्याने एकेकाला मागे टाकले, आणखी एकदा टायर बदलले आणि जवळजवळ ३० सेकंदांच्या फरकाने शर्यत जिंकली. त्याच दिवशी त्याचे सलग चौथे जगज्जेतेपद नक्की झाले.

लोटस संघाच्या दोन चालकांनी एकाच थांब्यावर भागविण्याचे ठरविले होते. रोमां ग्रोजाँ सतराव्या जागेवरून सुटला, तेराव्या फेरीला थांबला आणि उरलेल्या ४७ फेऱ्या, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर, एकाच संचावर टायर जपत जपत काढून तिसरा आला. किमी रायकोनेन त्याच्या काही फेऱ्या आधीच थांबला होता. बराच वेळ तो दुसरा होता. शेवटी टायर संपले, एकेक जण त्याला मागे टाकू लागला, आणि अखेरच्या फेऱ्यांत त्याला पिटमध्ये यावेच लागले. तो सातवा आला. गंमत अशी की, नवे टायर चढल्यावर त्या दिवसाची सर्वांत वेगवान फेरी त्याचीच ठरली. गाडीत दम होता, चालकात कौशल्य होते. थांबा तेवढा फार उशिरा घेतला गेला.

पालकहो, आता माझे मागणे. दहावीला मुलाचा एखादा विषय राहिला की, "वर्ष वाया गेले, आता गॅरेजला लाग," असे आपल्याकडे पटकन म्हटले जाते. मुलगी असेल तर अम्मी-अब्बांना पुढचा विचारच नको वाटतो. माझी विनंती आहे की, निर्णय घेण्याआधी हा हिशेब करून पाहा. पुरवणी परीक्षेसाठी दिलेले काही महिने हा पिटमधला थांबा आहे. त्या काळात चार जण पुढे जातील, जाऊ द्या. पण कच्चे गणित आणि कच्चे इंग्रजी घेऊन पुढे ढकललेल्या मुलाचे नुकसान फेरीगणिक वाढत जाते, आणि शाळाच सोडली तर ते भरून काढायला पुन्हा थांबाही मिळत नाही.

गॅरेजचे काम कमी प्रतीचे आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. टायर आतून झिजला की बाहेरून, हे पाहून चाकाचा दोष सांगणारा कारागीर जे जाणतो, त्यालाच पुस्तकात विज्ञान म्हणतात. तोच मुलगा दहावी होऊन आय.टी.आय.ला मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम करील, तर हातातल्या त्याच कलेला प्रमाणपत्राची जोड मिळेल.

विद्यार्थी मित्रांनो, एखादे वेळी तुम्ही सतरावे असाल. तेव्हा किती जण पुढे गेले हे मोजत बसू नका. आपले टायर नवे आहेत ना, एवढे पाहा आणि गाडी चालू ठेवा.