सगळे करतात म्हणून…

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला विषय दिला आहे ‘रोजच्या जीवनातील मानसशास्त्र’. मानसशास्त्र म्हटलं की पुष्कळांना वाटतं, हे वेड्यांच्या दवाखान्यातलं काम. तसं नाही. आपण लग्नात किती खर्च करतो, कोणता सिनेमा बघतो, मोबाईलवर आलेला निरोप न वाचताच पुढे का ढकलतो, या सगळ्यामागे मनाचं काही एक काम चाललेलं असतं. त्यातली एकच गोष्ट आज घेतो. माणूस दुसऱ्याकडे बघून का वागतो?

घरातलंच उदाहरण घ्या. टीव्हीवर विनोदी मालिका लागते. मधूनमधून लोकांच्या हसण्याचा आवाज येतो. पुष्कळदा तिथे प्रेक्षक नसतातच, ते हसू आधीच रेकॉर्ड केलेलं असतं. 1950 च्या दशकात अमेरिकेत चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने अशी हशाची पेटीच तयार केली. बटण दाबलं की हसू. का? तर दुसरे हसले की आपल्यालाही हसू येतं, फिका विनोदसुद्धा बरा वाटतो. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने 1984 च्या आपल्या पुस्तकात याला ‘सामाजिक पुरावा’ असं नाव दिलं. म्हणजे चार लोक करतात, हाच पुरावा! ज्या हॉटेलात गर्दी, तिथलं जेवण चांगलं असणार, असं आपण धरून चालतो, ते याच हिशेबाने.

ही सवय मुळात वाईट नाही, हेही सांगतो. लोक ओरडत पळाले, तर आपणही आधी पळतो आणि मग विचारतो काय झालं. त्याने जीव वाचतो. अडचण कुठे येते? डोळ्यांनी दिसतं त्यापेक्षा चार लोकांचं तोंड खरं वाटू लागतं, तिथे.

1951 साली सॉलोमन अ‍ॅश यांनी एक प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर लहानमोठ्या तीन रेघा. पहिलीच्या बरोबरीची कोणती, एवढंच सांगायचं. लहान पोरगंही सांगेल. पण खोलीतली बाकीची माणसं अ‍ॅश यांनी आधीच पढवून ठेवली होती. ती एकामागून एक ठासून चुकीचं उत्तर देत. शेवटी पाळी यायची खऱ्या माणसाची. चारांपैकी तीन जण असे निघाले की त्यांनी एकदा तरी त्या चुकीत होकार भरला. नंतर विचारलं तर काही म्हणाले, बरोबर उत्तर दिसत होतं, पण सगळ्यांत वेगळं पडायला नको वाटलं.

आता यातली महत्त्वाची गोष्ट ऐका. त्या पढवलेल्यांपैकी एकाला जरी अ‍ॅश यांनी खरं उत्तर द्यायला लावलं, तरी चुकीला मान हलवणारे एकदम कमी झाले. एकच आवाज! हे लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

1968 सालचा दुसरा प्रयोग, बिब लाताने आणि जॉन डार्ली यांचा. माणूस खोलीत फॉर्म भरत बसलाय आणि भिंतीतल्या फटीतून धूर येऊ लागतो. तो एकटा असला तर 100 पैकी 75 जण उठून कळवत. पण शेजारी दोन पढवलेली माणसं शांत बसून असली, तर 100 पैकी फक्त 10 उठत. धूर तोच, खोली तीच. पण ते गप्प आहेत, म्हणजे काही विशेष नसेल! रस्त्यावर अपघात झाला की पन्नास जण गोळा होतात आणि फोन कोणीच करत नाही, त्याचं एक कारण हे आहे. त्या माणसांना दगडाचं काळीज नसतं. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत असतो.

यात भीती मिसळली की काय होतं? 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर उठलेल्या अफवा जमुना प्रसाद या संशोधकाने गोळा केल्या. अमुक दिवशी याहून मोठा धक्का बसणार, अशा त्या होत्या. पुढे 1957 साली लिऑन फेस्टिंगर यांनी त्यांचा अर्थ लावला. ज्यांना धक्का जाणवला पण नुकसान दिसलं नाही, त्यांच्या मनात भीती होती आणि तिला कारण नव्हतं. अफवेने ते कारण पुरवलं. भ्यालेलं मन दिलासा सोडून भीतीचं कारण शोधत बसतं, हे ध्यानात घ्या.

आणि आता आपल्या महाराष्ट्राकडे या. 1 जुलै 2018. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप मोबाईलवरून पसरले होते. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या 5 जणांना जमावाने ठेचून मारलं. टोळी नव्हतीच. पोटासाठी फिरणारी गोरगरीब माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. पण कंपनी बोट अडवेल, मन कोण अडवणार? ज्यांनी तो निरोप पुढे ढकलला, त्यांतल्या बहुतेकांनी मुलांच्या काळजीनेच ढकलला असेल. पण खरं आहे का, हे किती जणांनी विचारलं?

भगवान बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालामांना हेच समजावलं होतं. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही स्वीकारू नका. हिताचं की अहिताचं, ते स्वतः पारखा. कालाम सुत्त आपण ऐकतो, पण मोबाईल हातात घेतला की विसरतो.

आणि घरातलं काय? शेजाऱ्याने हॉल घेतला म्हणून आपणही कर्ज काढून हॉल घ्यायचा. पलीकडच्या गल्लीत डीजे आला म्हणून जयंतीला आपलाही त्याहून मोठा पाहिजे. प्रत्येक घरात आई-बाप मनातून म्हणत असतात, हे परवडत नाही. पण बोलत कोणी नाही, म्हणून प्रत्येकाला वाटतं सगळे खूष आहेत. धुराच्या खोलीत बसल्यासारखं!

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. निरोप पुढे पाठवण्याआधी स्वतःला विचारा, हे मला कसं कळलं? खर्च ठरवताना विचारा, कोणी बघणारं नसतं तर मी हे केलं असतं का? आणि बैठकीत, घरात, गर्दीत काही चुकतंय असं दिसलं तर पहिले बोला. आयाबायांनो, तुम्हीसुद्धा बोला. पोरांनी प्रश्न विचारला तर त्याला ‘गप बस’ म्हणू नका. अ‍ॅश यांच्या खोलीत एका आवाजाने फरक पडला. आपल्या वस्तीत का पडणार नाही?

 जयभीम! नमो बुद्धाय!