भाड्याची वास्तू : दीर्घ पल्ल्याची गुंतवणूक



व्यापारात आज तेजी, तर उद्या मंदी. म्हणूनच दुकान चालविणाऱ्या कुटुंबाला गल्ल्यावर अवलंबून नसलेला उत्पन्नाचा एखादा झरा हवा असतो. भाड्याने दिलेला गाळा किंवा सदनिका हा तसा झरा होय; मात्र त्याचे मोल धीर धरणाऱ्यालाच कळते.

हिशेब प्रथम परखडपणे मांडावा. समजा, ४० लाख रुपयांच्या सदनिकेला दरमहा १० हजार रुपये भाडे मिळते. वर्षाचे झाले १ लाख २० हजार, म्हणजे अवघे ३ टक्के. पहिल्या वर्षी बँकेतील मुदत ठेव याहून सरस वाटते. परंतु व्याज खर्च केले, तर ठेवीची मुद्दल आहे तेवढीच राहते आणि महागाई तिचे मोल झिजविते. भाडे दरसाल ५ टक्क्यांनी वाढत गेले, तर सुमारे १४ वर्षांत ते दुप्पट होते आणि वास्तूही मालकाचीच राहते. शिवाय, भरलेला नगरपालिकेचा कर वजा जाता उरलेल्या भाड्यावर आयकरात ३० टक्के सरसकट वजावट मिळते.

हा लाभ आपोआप पदरात पडत नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. टंचाईच्या त्या काळात भाडेकरूला आधार मिळाला. पण पुढे अनेक चाळींच्या भाड्यातून डागडुजीचा खर्चही निघेना. वास्तू जीर्ण झाल्या आणि मालक व भाडेकरू दोघांचेही नुकसान झाले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक आता वाजवी राहिली नसल्याचे म्हटले. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला. त्याने भाड्यात दरसाल ४ टक्के वाढ मान्य केली, करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली.

म्हणून करार तोंडी ठेवू नये. लिव्ह अँड लायसन्स करारात मुदत, भाडेवाढ व अनामत रक्कम स्पष्ट लिहावी. वर्षातील एक महिन्याचे भाडे डागडुजीसाठी बाजूला काढावे. जागा काही महिने रिकामी राहिली तरी हप्ता थकणार नाही, इतकेच कर्ज घ्यावे.

वास्तू सांभाळणारा मालक आणि वेळेवर भाडे देणारा भाडेकरू यांच्यातील सचोटी हीच या गुंतवणुकीची खरी मुद्दल आहे. ती जपली, तर आज घेतलेली सदनिका पुढील पिढीचाही आधार होईल.