स्वमग्न मूल, शाळा आणि आपण
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या मेळाव्यात निकाल, शिष्यवृत्त्या आणि मुलींचे शिक्षण या विषयांवर नेहमी बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. आज मात्र मी अशा मुलाविषयी बोलणार आहे, की ज्याचे नाव कधी कधी हजेरीपटावरूनच नाहीसे होते. हे मूल म्हणजे स्वमग्न मूल. डॉक्टर या अवस्थेला ऑटिझम म्हणतात.

स्वमग्न हा शब्द थोडा फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटते, हे मूल आपल्यातच सुखी आहे, त्याला कोणी नकोच. तसे नसते. अशा पुष्कळ मुलांना मित्र हवा असतो; पण मैत्री सुरू कशी करावी, हे त्यांना उमगत नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग, थट्टा किंवा कंटाळा आपण न शिकताच ओळखतो. या मुलांना तो अक्षरओळखीसारखा शिकवावा लागतो. कोणी बोलतच नाही, तर कोणी एकाच आवडत्या विषयावर तासभर बोलतो. दोन स्वमग्न मुले सारखी नसतात.

अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 साली अशा 11 मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर कित्येक वर्षे आईच्या मायेत कमतरता असल्याचा दोष दिला गेला. तो साफ खोटा ठरला. 1998 साली एका इंग्रज डॉक्टराने गोवराच्या लसीशी याचा संबंध जोडला. तो लेख नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला. तेव्हा भगिनींनो, हा तुमचा गुन्हा नव्हे, ही कोणाची नजर नव्हे, आणि या भीतीने धाकट्या भावंडांची लस चुकवू नका. दुआ अवश्य करा. पण दुआ करणाऱ्याने डॉक्टरकडे जाऊ नये, असे आपला दीन सांगत नाही.

आता शाळेकडे येतो. लोकांना वाटते, या मुलाला वर्गातील तास जड जात असेल. पुष्कळदा उलटे असते. तासाला वेळापत्रक असते, जागा ठरलेली असते, काय करायचे ते गुरुजी सांगतात. खरी परीक्षा मधल्या सुट्टीत होते. घंटेचा कर्कश आवाज, पाचशे मुलांचा गोंगाट, धक्काबुक्की, आणि कोणी काय करायचे हे कोणीच सांगत नाही. मग ते मूल कानावर हात ठेवून भिंतीशी उभे राहते, आणि आपण म्हणतो, 'याला कोणात मिसळायचेच नाही.'

यावर फार खर्चाचा उपाय लागत नाही. वर्गातील एक-दोन समंजस मुले त्याच्यासोबत डबा खायला बसवावीत. दहा जणांचा घोळका नको. पहिला खेळ नियमांचा असावा. कॅरममध्ये पाळी ठरलेली असते, म्हणून तो धावपळीच्या खेळापेक्षा सोपा जातो. 'मला खेळायला घेता का?' हे वाक्य घरी अम्मीने आणि शाळेत बाईंनी त्याच्याकडून अनेकदा म्हणवून घ्यावे. गोंगाट असह्य झाला, तर वाचनालयाचा एक कोपरा त्याला मोकळा असावा. तिथे जाणे ही शिक्षा नव्हे, हे त्याला आणि इतरांनाही कळले पाहिजे.

बदल या मुलांना फार जाचतो. रमजानमध्ये शाळेची वेळ बदलते, घरची झोप-जेवणाची वेळ बदलते, आणि नेमके तेव्हाच मूल चिडते, रडते. पालक म्हणतात, कारण काहीच घडले नाही. कारण घडलेले असते. आठवडाभर आधी नव्या दिवसाचा चित्रतक्ता काढून भिंतीवर लावा, रोज दाखवा. ईदला सगळे गळाभेट घेतात; काही मुलांना तो स्पर्श सहन होत नाही. त्याने लांबून सलाम केला तरी ईद मुबारक होतेच. पाहुण्यांना तसे आधीच सांगून ठेवावे.

शिक्षकबंधूंनी आपली भाषाही तपासावी. 'तोंडाला कुलूप लाव' म्हटले की हे मूल कुलूप शोधते. तो उद्धटपणा नव्हे. त्याने आपला शब्द खरा मानला. 'आता पाच मिनिटे बोलू नकोस' असे सरळ सांगितले, तर ते बहुधा ऐकते. आपल्याकडे घरात एक बोली, मोहल्ल्यात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा असते. म्हणून वाक्य लहान आणि स्पष्ट असावे.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी बोलतो. या मुलाला थट्टा कळत नाही, हे तुमच्यातल्या काहींनी ओळखलेले असते. मग कोणीतरी त्याला सांगतो, 'जा, त्याची टोपी ओढ, तो तुझा मित्र होईल.' त्याला मित्र हवा असतो. तो टोपी ओढतो. सांगणारे नामानिराळे राहतात आणि शिक्षा त्याला होते. दोन-चार वेळा असे झाले, की 'मुलगा त्रासदायक आहे' असा शेरा पडतो आणि इतर पालक त्याला काढण्याची मागणी घेऊन कार्यालयात येतात. एका मुलाची शाळा अशी सुटू शकते. असे होताना जो उभा राहून सांगेल, 'सर, याला दुसऱ्याने शिकवले होते,' त्याला मी वर्गातील पहिल्या नंबराइतकाच मान देईन.

पालकहो, एक कटू गोष्ट बोलतो. मोठ्या मुलीचे स्थळ मोडेल, या धास्तीने मुलाची अवस्था लपवली जाते. शिक्षकांना सांगितले जात नाही आणि दाखला काढला जात नाही. त्या काळजीला मी हसत नाही. मुलगी सर्वांनाच आहे. परंतु लपवल्याने अवस्था बदलत नाही, मदत मात्र बंद होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. हे सारे दाखल्यावर अवलंबून आहे. म्हणून जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, आणि वर्गशिक्षकांना विश्वासात घ्या.

सूरह अबसचा प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहे. मक्केच्या सरदारांशी बोलणे चालू असता अंध अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) ज्ञान मागण्यास आले, आणि त्यांच्याकडे लक्ष देण्याविषयी अल्लाहतआलाने समज दिली. पुढे हेच सहाबी मदिनेत अजान देत असत. शिकायला आलेला कोण आहे, यापेक्षा तो शिकायला आला आहे ही गोष्ट मोठी, हा धडा आपल्या शाळेने कोरून ठेवावा असा आहे.

माझी संस्थेला एवढीच विनंती आहे, की अशा मुलाच्या दाखल्याचा अर्ज आला तर 'जागा नाही' हे उत्तर शोधण्याआधी मुलाला एकदा भेटावे. आणि विद्यार्थ्यांना विनंती अशी, की उद्या मधल्या सुट्टीत भिंतीशी कोणी एकटा उभा दिसला, तर त्याला डब्यासाठी बोलवा. तो पहिल्या दिवशी येणार नाही. चौथ्या दिवशीही बोलवा.

खुदा हाफिज.