रविवारच्या वर्गातला एक प्रश्न



आमच्या कॅथलिक समाजातील तरुण मुलामुलींची श्रद्धा वाढावी, यासाठी मोठ्या माणसांनी काय करावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय एका समाजाचा आहे म्हणून इतरांनी रेडिओ बंद करू नये, एवढी विनंती आधीच करून ठेवतो. ज्या घरात संध्याकाळी हरिपाठ होतो, किंवा नमाज पढला जातो, त्या घरातली पंधरा वर्षांची मुलेही असेच प्रश्न विचारतात. आणि मोठी माणसे तिथेही अशीच गप्प बसतात, नाहीतर मुलांना गप्प बसवतात.

मी वसईचा. पेशाने महाविद्यालयात मराठीचा अध्यापक. आमचा मुलूख १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज निघून गेले, आणि ख्रिस्ती झालेली आमची शेतकरी घराणी इथेच राहिली. केळी, पानवेल, फुले, भाजीपाला यांवर पिढ्या गेल्या. घरात आपापली बोली, कुठे कादोडी, कुठे वाडवळी, आणि शाळेत व चर्चमध्ये मराठी. दर रविवारी मिस्सा झाली की धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात. त्यांपैकी दृढीकरणाच्या तयारीचा वर्ग गेली काही वर्षे माझ्याकडे आहे.

दृढीकरण म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. मूल तान्हे असताना त्याचा बाप्तिस्मा होतो. त्या वेळी त्याच्या वतीने ‘हो’ म्हणतात ते आईबाप आणि धर्ममातापिता. पुढे मूल जाणते झाले की त्याने ते स्वतःच्या तोंडाने म्हणायचे असते. बिशप येतात, मुलांच्या कपाळाला पवित्र तेल लावतात. विधी फार सुंदर आहे. पण खरे सांगायचे, तर पुष्कळांनी त्याचा पदवीदान समारंभ करून टाकला आहे. फोटो निघाला, जेवण झाले, की काही मुले जी नाहीशी होतात, ती फादरांना एकदम लग्नाची तारीख ठरवायलाच भेटतात!

तर त्या वर्गात एका रविवारी प्रार्थनेचा पाठ चालला होता. मी फळ्यावर प्रार्थनेचे प्रकार लिहीत होतो. मागच्या बाकावरची नववीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “सर, आमची आजी आजारी होती ना, तेव्हा आम्ही सगळे रोज रात्री गुडघे टेकून रोझरी म्हणत होतो. चाळीस दिवस. तरी आजी गेली. देवाला ऐकू आलं नाही, की ऐकून त्यानं नाही म्हटलं?”

वर्ग एकदम शांत झाला. मी पुस्तकात होते ते उत्तर दिले. देवाची योजना आपल्याला कळत नाही, कोणतीही प्रार्थना वाया जात नाही, वगैरे. उत्तर खोटे नव्हते. पण ते मी हातातला खडू खाली न ठेवता दिले, आणि लगेच पुढचा मुद्दा लिहायला फळ्याकडे वळलो. पावणेदहा वाजले होते, पाठ संपवायचा होता. शिक्षक बंधुभगिनींनो, ही ‘पाठ संपवायची’ भानगड तुम्हांला मी काय सांगणार!

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग एकदा बाजारात तिची आई भेटली. पिशवी खाली ठेवून म्हणाली, “सर, पोरगी मिस्सेलाही यायला नाही म्हणते. कुणी विचारलं तर म्हणते, तिकडे सगळं आधीच लिहून ठेवलेलं असतं. तुम्हीच सांगा तिला काहीतरी.” मी “बघतो” म्हटले आणि घरी आलो. त्या रात्री मला नीट झोप आली नाही. तेरा वर्षांचा असताना अशाच एका प्रश्नाबद्दल मला वर्गाबाहेर उभे केले होते, ते आठवले. तेव्हा मी मनाशी काय म्हटले होते, तेही आठवले.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात मी कॉलेजात ‘ख्रिस्तपुराण’ शिकवीत होतो. मराठीच्या शिक्षकांना हा ग्रंथ माहीत आहे, इतरांसाठी दोन शब्द सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे जेज्वीट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिकडेच राहिले. बराच काळ साष्टी भागात. मराठी भाषा ते इतकी शिकले, की जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे पुराण त्यांनी रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. आता या ग्रंथाची सुरुवात पाहा. चर्चमध्ये पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत आहेत. तेव्हा नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे येतो आणि विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही मना केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला वाचायला दुसरे काही का देत नाही? प्रश्नात तक्रार आहे. आणि ती खरी होती, कारण त्या काळी गोव्यात जुने ग्रंथ सत्तेच्या जोरावर बंद झाले होते. ही गोष्ट आम्ही ख्रिस्ती लोकांनी झाकून ठेवू नये. परंतु त्या पाद्रीने विचारणाऱ्याला खाली बसवले नाही. प्रश्नाला उत्तर म्हणून अकरा हजार ओव्या लिहिल्या! पुराण सुरू झाल्यावरही श्रोते मधूनमधून शंका काढतात, आणि पाद्री कथा थांबवून उत्तर देतात.

याच स्टीफन्सनी प्रश्नोत्तरांच्या रूपात धर्मशिक्षणाचे छोटे पुस्तकही केले होते. ते कोकणीत आहे, १६२२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. म्हणजे पाठांतराचे पुस्तक त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. ते त्यांनीच लिहिले. पण तेवढ्याने भागत नाही हेही त्यांनीच ओळखले. पाठांतराला मी नावे ठेवीत नाही बरं का. लहानपणी पाठ केलेली प्रार्थना म्हातारपणी, इस्पितळाच्या खाटेवर, उपयोगी पडताना मी पाहिली आहे. दहा वर्षांच्या मुलाला ती पुरते. पंधराव्या वर्षी मूल ‘का’ म्हणते, तेव्हा त्याला तेच पुस्तक पुन्हा पुढे करून चालत नाही.

इतकी वर्षे मी ख्रिस्तपुराणाचा हा आरंभ ‘ग्रंथनिर्मितीची पार्श्वभूमी, पाच गुण’ म्हणून शिकवला होता. त्या दिवशी तो माझ्यासाठीच लिहिल्यासारखा वाटला.

मग मी शुभवर्तमान उघडले. मुलीला द्यायला उत्तर शोधत होतो, आणि सापडला तिचाच प्रश्न. योहानाच्या शुभवर्तमानात अकराव्या अध्यायात लाजरस आजारी पडतो. त्याच्या बहिणी येशूकडे निरोप धाडतात. येशू मात्र लगेच निघत नाही. तो पोचतो तेव्हा लाजरसाला थडग्यात ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था गावाबाहेर येऊन त्याला गाठते आणि तोंडावर सांगते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने दुसरी बहीण मरिया येते, तीही तेच म्हणते. येशू त्यांना गप्प करीत नाही, अश्रद्ध म्हणत नाही. मार्थेशी तो बोलतो. मरियेला रडताना पाहून तो स्वतः रडतो. चमत्कार होतो तो नंतर.

रविवारी दुपारी मी तिच्या घरी गेलो. आईने चहा ठेवला. मुलगी दारात उभी. मी म्हटले, “त्या दिवशी तुझा प्रश्न मी नीट ऐकलाच नाही. माझी चूक झाली.” ती काही बोलली नाही. मी तिला तो अध्याय वाचून दाखवला. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “पण लाजरस परत आला. आजी नाही आली.” मी म्हटले, “नाही आली.” आणि श्रोतेहो, त्यावर मी दुसरे काहीच बोललो नाही. मग तीच आजीविषयी सांगू लागली, पाऊण तास सांगत होती. चहा निवून गेला.

पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली रोमला तरुणांच्या प्रश्नावर बिशपांची सभा बोलावली होती. तिच्या आधी मार्चमध्ये जगभरचे सुमारे तीनशे तरुण जमवून त्यांना आधी बोलू दिले. पुढच्या वर्षी निघालेल्या त्यांच्या पत्रातही तरुणांचे ऐकून घ्या, हा आग्रह आहे. वाचताना मी मान डोलावली होती. मान डोलावणे सोपे असते.

ऐकणे झाले. पण तरुण वयाला हाताला कामही लागते. इथे मला एका प्राध्यापकाची गोष्ट सांगू द्या. पुढे पॅरिसच्या विद्यापीठात प्राध्यापक झालेला फ्रेदरिक ओझानाम १८३३ साली वीस वर्षांचा कायद्याचा विद्यार्थी होता. विद्यार्थ्यांच्या वादसभेत तो धर्माची बाजू मांडी. एकदा विरोधकांनी विचारले, तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कामे केली असतील, पण आज तुम्ही काय करता? प्रश्न वर्मी लागला. ओझानाम आणि त्याचे मित्र आपल्याजवळ उरलेले जळाऊ लाकूड घेऊन एका गरिबाच्या घरी गेले. त्यांतून संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाची संस्था उभी राहिली, ती आज जगभर आहे. १९९७ साली पॅरिसमध्ये तरुणांच्या जागतिक मेळाव्याच्या वेळी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ओझानामला ‘धन्य’ म्हणून घोषित केले.

हे वाचून मी वर्गातल्या मुलांच्या जोड्या केल्या आणि आमच्या आळीतल्या एकेकट्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून एकदा जायला सांगितले. पहिली तक्रार आली ती पालकांची! “सर, दहावीचं वर्ष जवळ आलंय, क्लास बुडतो.” मुलाला वर्गाच्या दारात सोडून बाहेर स्कूटरवर मोबाईल पाहत बसणारे वडील मला म्हणाले, की हल्लीच्या मुलांत श्रद्धा राहिली नाही. मी त्यांना आत येऊन बसायला सांगितले. दोन रविवार ते आले. तिसऱ्या रविवारी त्यांच्या मुलाने त्यांच्यादेखत पहिला प्रश्न विचारला.

ती मुलगीही आली, वर्गाला नव्हे, या कामाला. तिच्या वाट्याला ऐंशी ओलांडलेल्या एक बाई आल्या. त्यांना आता दिसत नाही. त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली मातृभाषेला वाट करून दिली, तोवर आमच्या आयाबायांना फादर काय म्हणतात ते कळत नसे. मिस्सा चाललेली असताना त्या आपल्या जपमाळेचे मणी ओढीत बसत. बाई तेव्हाच्या प्रार्थना बोलीत म्हणतात. मुलीने त्या वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली. मला दाखवायला म्हणून ती गेल्या रविवारी वर्गात आली आणि मागच्या बाकावर बसली.

तिचे दृढीकरण यंदा होईल की नाही, मला ठाऊक नाही. घाई करू नये, असे मी फादरांना सांगितले आहे. वर्ग सुटता सुटता तिने हात वर केला. “सर, त्या आजींना लॅटिन कळत नव्हतं, तरी त्या देवाशी बोलायच्या. मला मिस्सेतलं सगळं कळतं, आणि मला बोलताच येत नाही. असं का?”

मी खडू खाली ठेवला. वर्गाला विचारले, कुणाला काही सांगायचे आहे का? तीन हात वर झाले. पावणेदहा वाजून गेले होते. त्या दिवशी पाठ अर्धाच राहिला. तो या रविवारी पुरा करायचा आहे, आणि तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ अजून उत्तर नाही.