आपला चेहरा, आपल्या हातानं



आज एका चित्रकार शिक्षकाची ओळख करून घेऊ.
नाव, सवी सावरकर.
जन्म 1961 चा, नागपूरचा.

तिथेच झालेल्या बाबासाहेब आंबेडकरांच्या धम्मदीक्षेला तेव्हा पाचच वर्षं झाली होती.

सवी पुढे दिल्लीच्या कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवू लागले.
आणि चितारत राहिले आपलीच, दलित माणसं.

त्यांचं एक चित्र ऐका.
हो, ऐकाच.
पेशवाईतल्या पुण्यातला अस्पृश्य माणूस.
गळ्यात मडकं.
सोबत झाडू.
रेषा जाड, काळ्या, खडबडीत.

हे चित्र देखणं नाही.
ते देखणं असूही नये, असं मला वाटतं.

देवदासींचीही त्यांनी अशीच चित्रं केली.
आपला चेहरा, आपल्या हातानं.

आता जरा दूर जाऊ.

एलिझाबेथ कॅटलेट.
अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय शिल्पकार.
मेक्सिकोत त्या शिल्पकला शिकवत.

त्यांनी लिनोलियम कोरून एक शेतमजूर बाई छापली.
डोक्यावर गवती हॅट.
नजर ताठ.
इथेही तेच, आपला चेहरा, आपल्या हातानं.

दलितांना आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना जोडणारा हा धागा मुंबईला नवा नाही.
1972 साली इथंच दलित पँथर ही संघटना उभी राहिली.
नाव घेतलं, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून.

सवी आणि कॅटलेट, दोघांनीही छापचित्रं केली.
त्याचा फायदा साधा आहे.
ठसा एकदाच कोरायचा.
शाई लावायची, कागद दाबायचा.
एका ठशातून अनेक चित्रं निघतात.
ती एकाच श्रीमंताच्या दिवाणखान्यात अडकून पडत नाहीत.